पाय कुठे होता?

बास्केटबॉलच्या मैदानाभोवती जमलेल्या माणसांपैकी निम्म्यांना तीन सेकंदांचा नियम ठाऊक नसतो, बॅककोर्ट कशाशी खातात हेही माहीत नसतं. 'स्टेप्स' मात्र सगळ्यांना कळतात. निदान प्रत्येकाची तशी खात्री असते. एखादी मुलगी चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावली की पालकांपासून राखीव खेळाडूंपर्यंत सगळे एका सुरात ओरडतात, "सर, स्टेप्स!" शिट्टी वाजली नाही तर पंच आंधळा आणि वाजली तर समोरच्या बाजूचे म्हणणार, पंच मॅनेज झाला.

मी नगर जिल्ह्यातला निवृत्त क्रीडाशिक्षक. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, आमच्या पिढीच्या तोंडात अजून नगरच बसलंय. शाळेत पीटीचे तास आणि स्पर्धांच्या हंगामात गळ्यात शिट्टी, असं करत नोकरी संपली. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी, नगरचं वाडिया पार्क, सगळीकडे हीच आरोळी ऐकली. या एका नियमावरून इतकं भांडण का होतं, याचा मी पुस्तकांतून आणि जुन्या नियमावल्यांतून माग काढला. तेव्हा कळलं ते असं की हा नियम बास्केटबॉलला मागाहून चिकटवलेला नाही. आधी हा नियम सुचला आणि त्यातून खेळ उभा राहिला.

बंदी आधी, खेळ नंतर

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय होतं. तिथं शारीरिक शिक्षण शिकवणारा जेम्स नेस्मिथ हा तीस वर्षांचा कॅनेडियन तरुण. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि आत नुसत्या कवायती करून पोरं कंटाळलेली. विभागप्रमुख लूथर गुलिक यांनी नेस्मिथला काम दिलं की छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढ. वर्गात अठरा विद्यार्थी, तेही चांगलेच वांड. नेस्मिथनं आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल झाला, लॅक्रॉस झाला. हातपाय मोडायची वेळ आली.

मग तो विचाराला बसला. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूला खाली का पाडतात? तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. पळूच दिलं नाही तर पाडायचं कारणच उरत नाही. बस्स. नव्या खेळाची गुरुकिल्ली त्याला इथं सापडली. चेंडू हातात घ्या, फेका, झेला, पण घेऊन पळू नका. पाडापाडी नको म्हणून लक्ष्यही जमिनीवर नको, उंचावर हवं. मग शिपायानं पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या आणि त्या दहा फुटांवरच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. टोपली प्रसिद्ध झाली आणि खेळाला तिचं नाव मिळालं. पण ही सगळी मांडणी पळण्याच्या बंदीवर उभी होती.

नेस्मिथनं तेरा नियम लिहिले. ते १५ जानेवारी १८९२ ला विद्यालयाच्या 'ट्रँगल' या नियतकालिकात छापून आले. त्यातला तिसरा नियम आपला. खेळाडूनं चेंडू घेऊन धावायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा. त्याला एक पुरवणी जोडली होती. वेगात धावत असताना चेंडू हातात आला आणि खेळाडू थांबण्याचा प्रयत्न करत असेल, तर त्याला थोडी सवलत द्यावी. किती पावलांची, ते नेस्मिथनं लिहिलं नाही. ते पंचानं पाहून ठरवायचं. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी मैदानावर जो वाद होतो, तो त्या एका सवलतीचाच वाद आहे.

शिक्षाही त्या काळी कडक होती. आज ट्रॅव्हलिंग, म्हणजे आपली 'स्टेप्स', झालं तर फक्त चेंडू समोरच्या संघाकडे जातो. नेस्मिथच्या यादीत मात्र चेंडू घेऊन धावणं हा सरळ फाऊल होता, धक्का मारण्याच्या पंगतीत बसणारा. आणि एका संघानं लागोपाठ तीन फाऊल केले, मधे समोरच्यानं एकही केला नाही, तर समोरच्याला एक गोल बहाल. म्हणजे तीनदा पाय हलला की गोल बसला. २१ डिसेंबर १८९१ ला खेळलेला पहिला सामना १-० असा संपला, हे लक्षात घेतलं तर त्या शिक्षेचं वजन कळतं.

कामाची वाटणीही वेगळी होती. एक पंच माणसांवर नजर ठेवी, फाऊल मोजी. दुसरा चेंडूवर नजर ठेवी, चेंडू बाहेर गेला का, कुणाचा, वेळ किती झाली ते बघे. एकाच वेळी चेंडूही पाहा आणि पायही पाहा, हे एका माणसाला अवघड जातं, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

स्प्रिंगफील्ड, मद्रास, कांदिवली, नगर

पहिल्या अठरा जणांत डंकन पॅटन नावाचा एक कॅनेडियन होता. १८९४ मध्ये तो वायएमसीएच्या कामासाठी भारतात आला आणि त्यानंच हा खेळ इथं आणला, असं श्रेय त्याला दिलं जातं. पण खेळ येणं वेगळं आणि पंच येणं वेगळं. चेंडू कुणीही आणतो. नियम शिकवणारी माणसं तयार व्हायला पिढी जावी लागते.

ते काम मद्रासला झालं. स्प्रिंगफील्डच्याच मुशीतून निघालेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. खेळांच्या नियमांचं त्यांचं पुस्तक पुढं देशभरातल्या क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर दिसायचं. मद्रासच्या याच परंपरेतले पी. एम. जोसेफ १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवलीला सरकारनं काढलेल्या शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य झाले. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई महाविद्यालय निघालं, तेव्हा त्याचेही पहिले प्राचार्य तेच. महाराष्ट्रातल्या शाळांमधून पीटी शिकवणाऱ्या कितीतरी मास्तरांच्या प्रमाणपत्रावर कांदिवलीचं नाव होतं. मला ज्यांनी घडवलं ते गुरुजी त्यांपैकीच. स्प्रिंगफील्डहून नगरला शिट्टी पोचली ती या वाटेनं, हाताहातानं.

दुसरी एक वाट आणखी जवळची आहे. अमेरिकन मराठी मिशनची ओळख नगरकरांना करून द्यावी लागत नाही. १८३१ पासून हे मिशन नगरला आहे. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं ते नगरातूनच. याच मिशननं मुंबईच्या नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाऊस' काढलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट पुढं १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, पहिले संचालक झाले. नेबरहूड हाऊसच्या अंगणात गिरणी-गोदीतल्या कामगारांच्या पोरांना बास्केटबॉल मिळाला आणि त्या एका मोहल्ल्यानं भारताला ओळीनं खेळाडू दिले. अब्बास मुन्तसीर तिथलेच. त्यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. नागपाड्याचं महापालिकेचं मैदान आज बच्चू खान या तिथल्या प्रशिक्षकाच्या नावानं ओळखलं जातं. नगरचं मिशन नि नागपाड्याचं मैदान हे नातं आमच्याकडच्या फार थोड्या खेळाडूंना ठाऊक आहे, म्हणून इथं मुद्दाम नोंदवलं.

देशपातळीवर पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, महिलांची १९५२ मध्ये. बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना १९५० ची. राष्ट्रीय स्पर्धांत बराच काळ सेनादलांचा दबदबा होता. नगरला १९४८ पासून आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, त्यामुळे भिंगारच्या बाजूचे जवान खेळताना पाहणं आम्हाला नवं नव्हतं. त्यांचं एक वैशिष्ट्य असायचं. चेंडू हातात आला की आधी थांबणार, दोन्ही पाय रोवणार, मगच पुढचं. कवायतीची सवय. त्यांच्या सामन्यात स्टेप्सची शिट्टी क्वचित वाजायची.

मुरुमावरचा पुरावा

आज मुलं सिमेंटच्या किंवा सिंथेटिक कोर्टवर खेळतात. आमच्या वेळी तालुक्याच्या गावी मुरुमाचं मैदान असायचं. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोरी ताणून फक्की मारायची. दुपारपर्यंत अर्ध्या रेषा पायांनी पुसलेल्या असायच्या आणि चेंडू कुठल्या खड्यावरून कुठं उडेल याचा भरवसा नसायचा.

त्या मैदानात पंचासाठी एक सोय मात्र होती, जी सिमेंटवर नाही. पाय जागेवर फिरला तर मुरुमात टाचेएवढा गोल खळगा पडतो. पाय ओढला गेला तर लांबट ओरखडा उमटतो. उचलून दुसरीकडे टेकला तर दोन ठसे. खेळाडू वाद घालायला लागला की गुरुजी काही बोलायचे नाहीत. नुसतं बोट खाली दाखवायचे. ओरखडा बघितला की पोरगा गप्प. शिकवतानाही ते तीच युक्ती करायचे. डाव्या पायाभोवती फक्कीनं वर्तुळ काढायचे आणि म्हणायचे, "हा पाय इथं पुरलाय असं समज. दुसरा कुठंही नाच." पिव्हट म्हणजे काय, हे मला त्या वर्तुळात उभं राहून कळलं. नियमावली हातात आली ती फार नंतर.

मैदानाचा आणि या नियमाचा संबंध जगानंही एकदा पाहिला. १९३२ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिबा, स्थापन झाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर. १४ ऑगस्टला अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे ड्रिबल संपलं आणि फक्त पास उरले. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. नेस्मिथ त्या ऑलिम्पिकला हजर होते. आपल्याला त्या पावसाची आठवण वेगळ्या कारणानं आहे. त्याच पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढं गेला आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ असं लोळवलं.

धुळीनं आमच्या शिट्ट्यांचेही हाल केले. आत मणी असलेली शिट्टी. मुरुमाचा कण अडकला की ऐन वेळी नुसती हवा निघायची. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचावर १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या सामन्यात नेमका हाच प्रसंग ओढवला. फाऊल दिसला, फुंकर मारली, आवाजच नाही. त्यानं बिनमण्याची शिट्टी तयार करून घेतली आणि १९८७ मध्ये 'फॉक्स ४०' बाजारात आली. आज जगभर जी कर्कश शिट्टी वाजते ती एका वैतागलेल्या बास्केटबॉल पंचाची देणगी आहे.

नियम सैल झाला की शहाणा झाला?

जुनी माणसं म्हणतात, "आता काहीही चालतं. आमच्या वेळी दीड पाऊल टाकलं की शिट्टी." यात अर्धं तथ्य आहे.

नेस्मिथच्या मूळ नियमांत ड्रिबल नव्हतंच. चेंडू जागेवरून हलवायचा तर पास. पण अडवला गेलेला खेळाडू काय करणार? तो चेंडू मुद्दाम जमिनीवर टाकायचा किंवा वर उडवायचा आणि धावत जाऊन पुन्हा पकडायचा. हातातून चेंडू सुटलाय, म्हणजे तो 'घेऊन' पळत नाही. नियमातली पळवाटच होती ती. येल विद्यापीठाच्या संघानं त्याच दशकात तिचं तंत्र बनवलं. १८९८ मध्ये मग बांध घालावा लागला. एकदा ड्रिबल थांबवून चेंडू दोन्ही हातांत घेतला की पुन्हा सुरू करता येणार नाही. आपण ज्याला डबल ड्रिबल म्हणतो तो नियम ट्रॅव्हलिंगचा धाकटा भाऊ आहे. आज ज्या कौशल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ते पळण्याच्या बंदीला बगल देतानाच जन्माला आलं.

पुढं खेळ वेगवान होत गेला तशी ती 'थोडी सवलत' मोजून द्यायची वेळ आली. आमच्या काळी मोजणी कडक होती. चेंडू हातात स्थिरावताना जो पाय जमिनीवर असेल, तो हिशेबात धरला जायचा. त्यामुळे पुढं एकच मोकळं पाऊल उरायचं. अमेरिकेतल्या व्यावसायिक एनबीएमध्ये पंच प्रत्यक्षात सैल हात ठेवत. २००९ मध्ये त्यांनी दोन पावलं पुस्तकातही लिहून टाकली. टीव्हीवर आणि मग मोबाइलवर तो खेळ बघणारी आमची पोरं मैदानात तेच करू लागली आणि आम्ही शिट्टी वाजवली की चक्रावून बघायची.

१ ऑक्टोबर २०१७ पासून फिबानं नियम बदलला. धावताना किंवा ड्रिबल संपवताना चेंडू ताब्यात आला, त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय आता मोजायचा नाही. त्याला झीरो स्टेप म्हणतात. त्यानंतर टेकणारा पाय पहिला, त्यानंतरचा दुसरा. दुसऱ्यानंतर तिसरं पाऊल पडण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. त्याला एक पोटनियम आहे, तो पोरं नेहमी विसरतात. धावताना पास झेलून ड्रिबल सुरू करायचं असेल तर दुसरं पाऊल पडण्याआधीच चेंडू सोडावा लागतो. आणि एकाच पायावर लागोपाठ दोनदा टेकता येत नाही. लंगडी घालून बास्केट गाठायची सोय नाही.

उभ्यानं चेंडू घेतलेल्याचा हिशेब मात्र जुनाच आहे. एक पाय पिव्हट. ड्रिबल सुरू करायचं तर पिव्हट उचलण्याआधी चेंडू हातातून निघाला पाहिजे. पास किंवा शॉटसाठी पिव्हट उचलता येतो, पण चेंडू सुटेपर्यंत तो परत टेकवायचा नाही.

माझं मत विचाराल तर २०१७ च्या बदलानं खेळाचं नुकसान झालेलं नाही. वेगानं येणाऱ्या माणसाला सवलत द्या, हे नेस्मिथनंच लिहिलं होतं. फिबानं तिचा आकडा सांगितला एवढंच.

नजर कुठे ठेवायची

नवा पंच चेंडूकडे बघतो. साहजिक आहे, सगळं जग चेंडूकडेच बघत असतं. पण चेंडू हवेत असतानाच त्याला कळायला हवं की तो कुणाकडे चाललाय, आणि नजर त्या खेळाडूच्या बुटांवर आधीच जाऊन थांबायला हवी. चेंडू हातात आल्यावर पाय शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. उजव्या कडेनं मुलगी धावत येतेय. मधल्या खेळाडूनं पास दिला. चेंडू तिच्या हातात येतो तेव्हा उजवा पाय जमिनीवर आहे. हा झीरो. डावा टेकला, एक. उजवा टेकला, दोन. त्याच उजव्यावरून उडी मारून तिनं चेंडू बोर्डवर टेकवला. डोळ्यांना तीन पावलं दिसली, कडेचा पालकवर्ग तीन मोजून ओरडला, आणि बास्केट मात्र शुद्ध आहे. आता हीच चाल थोडी बदला. पास जरा उंच आला, तिनं उडी मारून हवेतच झेलला. आता झीरो नाही. जो पाय आधी टेकला तो एक, दुसरा दोन, आणि तिनं पुन्हा पहिला टेकवला की ट्रॅव्हलिंग. दोन्ही वेळा पावलं तेवढीच पडली. फरक पडला तो चेंडू कधी हातात आला यानं. म्हणून पंचाला दोन गोष्टी एका क्षणी जुळवाव्या लागतात: हात आणि पाय. नुसती पावलं मोजणाऱ्याचा निकाल हमखास चुकतो.

ओरडणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. चेंडू हातातून निसटून खेळाडू त्याच्यामागे धडपडला तर ती स्टेप्स नाही, कारण चेंडू ताब्यातच नव्हता. ड्रिबल करताना चेंडू हाताला लागत नसतो तोवर कितीही पावलं टाका, मोजणी नाही. चेंडू धरून पडला आणि पडल्या जोरानं घसरत गेला, तर तोही गुन्हा नाही. मात्र चेंडू घेऊन लोळला किंवा तसाच उठायला लागला की शिट्टी. हा शेवटचा नियम सांगितला की कोपरगावापासून जामखेडपर्यंत एकच उत्तर मिळतं, "असं कुठं असतं का, सर?" असतं.

आमच्या बाजूच्या मुलांना एक फायदा असतो, तोही सांगतो. बहुतेकांचं बालपण खो-खोत गेलेलं असतं. एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही, खांदा फिरला तरी फाऊल, हे अंगात मुरलेलं. आपल्या पायावर कुणाचा तरी डोळा आहे, याची जाण त्यांना असते. खो-खोची पंचगिरी केलेला शिक्षक बास्केटबॉलला आला तर नजर खाली ठेवायला त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

शिट्टी वाजल्यावरची पद्धत साधी आहे. उघडा पंजा वर, घड्याळ थांबलं. मग छातीसमोर दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. मग दिशा. आमचे गुरुजी यात चौथी गोष्ट घालायचे. मुठी फिरवल्यावर ते क्षणभर त्या पायाकडे बोट करायचे. ही खूण पुस्तकात नाही. पण कुठला पाय हलला हे खेळाडूला कळलं की निम्मा वाद तिथंच मिटायचा.

वाडिया पार्कमध्ये जे घडलं

पंचाच्या निकालावरून मैदानात काय होऊ शकतं, हे नगरनं अगदी अलीकडे पाहिलं. खेळ दुसरा होता, कुस्ती. फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या निर्णायक लढती झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळला चितपटीनं विजयी जाहीर केलं गेलं. समोरच्या शिवराज राक्षेचं म्हणणं, माझी पाठ टेकलीच नाही, रिप्ले बघा. वाद वाढला, राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढं किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं गुणाच्या निर्णयावर नाराज होऊन आखाडा सोडला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. प्रत्येक जण मोबाइलवर तो क्षण थांबवून, मोठा करून बघत होता आणि दोघांचं एकमत होत नव्हतं. पंचाला लाथ मारणं कुठल्याच कारणानं क्षम्य नाही. पण खेळाडूला दाद मागायची मोकळी, नियमात बसणारी वाट दिसली पाहिजे, हेही तितकंच खरं.

बास्केटबॉलमध्ये ही गोष्ट आणखी अवघड आहे. फिबाच्या नियमात पंचांना कॅमेरा पाहायची मुभा ठरावीक प्रसंगांपुरती आहे. शॉट वेळेत सुटला का, तो दोनचा की तीनचा, अशा प्रश्नांसाठी. अलीकडे प्रशिक्षकालाही एक आव्हान मिळालंय, पण तेही त्याच यादीतल्या प्रसंगांसाठी. ट्रॅव्हलिंग त्या यादीत नाही. ऑलिम्पिकचा अंतिम सामना असो की श्रीरामपूरचा शालेय सामना, पाय हलला की नाही हे आजही उभ्या माणसाच्या डोळ्यांवरच ठरतं. नेस्मिथनं ते पंचावर सोडलं होतं आणि ते अजून तिथंच आहे.

आणि शालेय सामन्यातही पणाला लागलेलं काही कमी नसतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडा गुण त्या चढणीवर अवलंबून. शेवटच्या मिनिटाला एका गुणाचा फरक असताना वाजलेली स्टेप्सची शिट्टी कुणाच्या गुणपत्रिकेपर्यंत जाते. म्हणून मी नव्या पंचांना एकच सांगत आलो. पाय हलताना दिसला तर वाजवा, भीड धरू नका. 'हलला असणार' असं वाटलं तर शिट्टी तोंडातच राहू द्या. गर्दीच्या आवाजावर तर कधीच नाही. चाल बेढब दिसली म्हणून ती बेकायदा होत नाही, आणि देखणी दिसली म्हणून कायदेशीरही होत नाही.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. यंदाच्या शालेय स्पर्धांच्या पहिल्या सकाळी, नाणेफेकीच्या आणि फोटोच्या आधी, दहा मिनिटं काढा. दोन्ही संघांना, त्यांच्या प्रशिक्षकांना आणि जमलेल्या पालकांना कोर्टच्या कडेला बोलवा. एका मुलीला चेंडू द्या आणि झीरो, एक, दोन प्रत्यक्ष चालून दाखवायला सांगा. मग उभ्यानं पिव्हट, मग पडल्यावरचा नियम. हे सगळ्यांनी एकत्र पाहिलं की दिवसभराचा निम्मा आरडाओरडा वाचतो. उरलेला निम्मा खेळाचाच भाग आहे, तो पंचानं ऐकून घ्यावा.

आणि कडेला उभं राहून ओरडणाऱ्यांनी पुढच्या वेळी चेंडू सोडून बूट बघावेत. पंच का थांबला, ते तुमचं तुम्हालाच कळेल.